पिकअप विकून सीएनजी घेऊ का? मेहुणा म्हणतो डबल केबिन घे

वाचकाचं पत्र (मूळ पत्र चार पानांचं आहे, नाव-गाव काढून थोडक्यात देतोय):

मी जुन्नर तालुक्यातला, वय ३४. घरची चार एकर शेती, टोमॅटो असतोच. २०१६ ची २.५ लिटर इंजिनाची डिझेल पिकअप आहे, १.७ टन पासिंग (कायद्याने तेवढाच माल भरता येतो), पिवळी प्लेट. आठवड्याला दोन अशा महिन्याला ८ फेऱ्या वाशी मार्केटला होतात, माळशेज घाटाने, जाऊन-येऊन ३०० किलोमीटर. आपला आणि शेजाऱ्यांचा मिळून ११० क्रेट भरतो. घरापासून नारायणगाव ९ किलोमीटर, तिथे रोज दोन-तीन चकरा होतात. डेअरी, औषधं, पोरांची शाळा, सगळं त्याच गाडीवर. नवी होती तेव्हा १४-१५ चा ॲव्हरेज द्यायची, आता ११ वर आलीये. महिन्याला ३२ हजारांचं डिझेल जातं. गेल्या वर्षी गिअरबॉक्सचं काम निघालं, ४२ हजार गेले. मित्राने सीएनजीची पिकअप घेतलीय, तो म्हणतो डिझेलचा जमाना संपला. मेहुणा म्हणतो डबल केबिनवाली भारी पिकअप घे, फॅमिली पण बसेल आणि माल पण. वडील म्हणतात गाडी लक्ष्मी आहे, विकायची नाही. बायकोचं म्हणणं वेगळंच, तुम्ही तंबाखूची पुडी आणायला पण पिकअप काढता. कुठलं इंजिन घेतलं तर डिझेलचा खर्च निम्म्यावर येईल?

उत्तर:

दादा, पत्र वाचून पहिले हसलो, कारण चौघांनी चार सल्ले दिलेत आणि त्यातला सगळ्यात कामाचा सल्ला तुम्ही सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिलाय. त्याच्याकडे येतोच.

मी काही इंजिनिअर नाही. ११ वर्षं सासवडहून पुण्याच्या मार्केटयार्डला अंजीर आणि फुलं टाकली पिकअपने, दिवे घाट उतरून, त्यामुळे तुमचं दुखणं माहितीये. पंपावर उभं राहिल्यावर ते आकडे फिरताना बघून पोटात जे होतं ते पण माहितीये. पण तुम्ही विचारलंय "कुठलं इंजिन", आणि मला तुमच्या पत्रात इंजिनाचा प्रश्न अर्धाच दिसतोय.

तुम्हीच दिलेले आकडे घेऊन बसू. डिझेल ९० रुपये धरतो, तुमच्याकडे आज जो भाव असेल तो टाका.

वाशीच्या ८ फेऱ्या गुणिले ३०० म्हणजे २४०० किलोमीटर. हायवेला, घाट धरून, गाडी १२ देत असेल असं धरू. २०० लिटर झालं, १८ हजार रुपये. मग ३२ मधले उरलेले १४ हजार कुठे गेले? ते नारायणगावच्या चकरांमध्ये गेले. ९ किलोमीटर जायचं, ९ यायचं, दिवसाला तीन चकरा, ५४ किलोमीटर. महिन्यातले २९ दिवस धरले तर १५६६. थंड इंजिन, गावातले स्पीडब्रेकर, शाळेपुढची गर्दी, तिथे १० च्या वर ॲव्हरेज मिळत नाही. म्हणजे १५६ लिटर, १४ हजार रुपये. दोन्ही मिळून ३९६६ किलोमीटर, ३५६ लिटर, आणि भागून बघा, बरोबर ११ येतो. म्हणजे तुमची गाडी ११ देते हे खरं आणि खोटं पण. हायवेला ती १२ देते, गावात १०, आणि तुमच्या डिझेलचा ४४ टक्के पैसा अशा रस्त्यावर जातो जिथे हौद्यात एक दुधाचा कॅन किंवा एक औषधाची पिशवी असते. रिकामी गाडीच दीड-पावणेदोन टनांची आहे दादा. तंबाखूच्या पुडीसाठी पावणेदोन टन लोखंड ९ किलोमीटर न्यायचं आणि परत आणायचं. वहिनींना तुमच्यापेक्षा गणित चांगलं येतं, एवढंच म्हणतो.

आता तुम्ही म्हणाल वाशीला १२ आणि गावात १० हे तुम्ही तुमच्या मनाने धरलं. बरोबर आहे, मनानेच धरलं, म्हणून तर पहिलं काम हे की एक महिना वही लिहा. टाकी फुल करायची, नोझल आपोआप कट होईल तिथे थांबायचं, वर गोल आकडा करायला अजून घाल म्हणायचं नाही, किलोमीटर लिहायचे. वाशीला जाऊन आल्यावर त्याच पंपावर परत फुल, लिटर लिहायचे. नंतर आठवडाभर फक्त गावात फिरवायची आणि परत फुल. डॅशबोर्डच्या काट्यावरून आणि "दोन हजारांचं टाकलं होतं, बुधवारपर्यंत पुरलं" असल्या हिशोबाने ॲव्हरेज कळत नाही. मी पण सात-आठ वर्षं तसाच हिशोब केला आणि दर वेळी गाडीलाच शिव्या घातल्या.

ह्या चकरांपैकी निम्म्या जरी मोटरसायकलवर नेल्या, म्हणजे ७८० किलोमीटर, तर पिकअपचं ७८ लिटर वाचतं, ७ हजार रुपये. मोटरसायकलला ५० चा ॲव्हरेज आणि पेट्रोल १०५ धरलं तर १६०० च्या आसपास पेट्रोल लागेल. महिन्याला पाच-साडेपाच हजार हातात, आणि त्यासाठी काहीही विकायचं नाही, बँकेत जायचं नाही. घरी मोटरसायकल नसेल तर जुनी १०० सीसीची घ्या, सात-आठ महिन्यांत फिटेल.

आता इंजिनाकडे येतो, कारण मित्राचं बोलणं पूर्ण खोटं नाही पण त्याला लागू आहे ते तुम्हाला लागू आहे का हे बघायला पाहिजे.

लहानपणी विहिरीवर किर्लोस्करचं डिझेल इंजिन बघितलं असेल ना, एकच लोटा (म्हणजे सिलिंडर), भलंमोठं फ्लायव्हील, ठक ठक ठक करत दिवसभर पाणी ओढायचं? ते असायचं फक्त ५ एचपीचं. आणि १०० सीसीची साधी मोटरसायकल ८ एचपीच्या आसपास असते. कागदावर मोटरसायकल जास्त ताकदवान, पण तिला म्हणा दिवसभर पंप ओढ, दुपारपर्यंत जीव जाईल. कारण तिची ताकद हजारो फेऱ्यांवर, इंजिन ओरडल्यावर येते, आणि त्या किर्लोस्करची १५०० फेऱ्यांवर येते, निवांत. ओढायची ताकद, ज्याला आपण टॉर्क म्हणतो, ती हीच. तुमच्या पिकअपमध्ये तसेच चार लोटे आहेत, प्रत्येक साधारण सव्वासहाशे सीसीचा. डिझेलमध्ये ठिणगी टाकणारा प्लग नसतो, हवा सोळा-अठरा पट दाबतात, त्या दाबानेच ती इतकी तापते की डिझेल फवारलं की आपोआप पेटतं. पेट्रोल आणि सीएनजीच्या इंजिनात दाब त्यापेक्षा कमी आणि पेटवायला प्लग. जितकं जास्त दाबून जाळाल तितकी त्याच इंधनातून जास्त ताकद निघते, डिझेल लिटरमागे जास्त पळतं त्याचं एक मोठं कारण हे. दुसरं, हलक्या पायाने चालवताना पेट्रोलचं इंजिन अर्धवट दाबलेल्या नाकाने श्वास घेतं, कारण हवेच्या वाटेवर झडप असते, डिझेलचं बहुतेक वेळा मोकळ्या नाकाने घेतं. आणि तिसरं, डिझेल हे इंधनच जाड आहे, एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त उष्णता असते.

म्हणून "डिझेल इंजिनालाच सीएनजी किट बसवून टाक" असं कुणी गॅरेजवाला म्हणाला (पत्रात नाही, पण हा प्रश्न मला दुसऱ्या तिघांनी विचारलाय) तर हात जोडा. सीएनजी नुसत्या दाबाने त्या इंजिनात पेटत नाही, प्लग पाहिजेत, दाब कमी करायला पाहिजे, म्हणजे अर्धं इंजिनच बदलायचं. ते पेट्रोलवर किट बसवण्याइतकं सोपं काम नाही.

नवीन सीएनजी पिकअपचं काय मग? इथे मला तुमच्या बाजूने नाही, तुमच्या मित्राच्या बाजूने एक गोष्ट सांगायचीये. सगळे म्हणतात सीएनजी घाटात दम टाकते. थोडंफार खरं आहे, गॅस लोट्यात जागा खातो, तेवढी हवा कमी जाते, ताकद कमी पडते. पण तुम्ही माळशेज चढता कधी? जाताना भरलेली गाडी घाट *उतरते*, आणि चढताना हौद्यात रिकामे क्रेट असतात. तुमच्या फेरीत भरलेल्या गाडीला मोठा चढ नाहीच. म्हणजे "घाटासाठी डिझेलच पाहिजे" हा जो पारावरचा ठरलेला मुद्दा आहे तो तुम्हाला लागूच होत नाही. तुम्हाला इंजिनाच्या ओढीपेक्षा ब्रेकची काळजी जास्त पाहिजे. हे लक्षात यायला मला दिवे घाटात दोन वर्षं लागली होती, तीच दिशा, भरून उतरायचं आणि रिकामं चढायचं.

सीएनजी तुम्हाला अडते ती वेगळ्याच ठिकाणी, वजनात. गॅस २०० बार दाबाने भरायचा म्हणजे जाड टाकी लागते, ६० लिटरची लोखंडी टाकी स्वतःच साठेक किलोची, आणि त्यात गॅस मावतो जेमतेम दहा किलो. अशा एकापेक्षा जास्त टाक्या लावल्या की पासिंग कमी होतं. समजा मित्राची गाडी १.२ टनाची आहे. तुमच्या टोमॅटोच्या क्रेटमध्ये माल २० किलो, आणि रिकाम्या क्रेटचं वजन दीड-पावणेदोन किलो, हे आपण कधीच धरत नाही. म्हणजे १.७ टनात कायद्याने ७८ क्रेट बसतात आणि १.२ टनात ५५.

आता बघा. डिझेल १२ च्या ॲव्हरेजने किलोमीटरला साडेसात रुपये, ३०० किलोमीटरला २२५०. भागिले ७८, क्रेटमागे २९ रुपये. सीएनजी किलोला ९० धरली आणि १४ चा ॲव्हरेज धरला तर किलोमीटरला ६ रुपये ४३ पैसे, ३०० ला १९३० च्या आसपास. भागिले ५५, क्रेटमागे ३५ रुपये. किलोमीटरला स्वस्त आणि क्रेटला महाग! आणि तुमची एक रात्र जी जाते ती दोन्हीकडे तेवढीच, सीएनजीच्या रांगेतली झोप वेगळी. मित्र माल काय टाकतो ते पत्रात नाही, पण तो जर पुण्यात ब्रेड, चिप्स, फर्निचर असलं हलकं सामान टाकत असेल तर त्याचं गणित शंभर टक्के बरोबर आहे, कारण त्याचा हौदा वजनाने नाही तर जागेने भरतो. तुमचा वजनाने भरतो. ॲव्हरेज विचारायची सवय सोडा आणि क्रेटमागे किती पडलं ते विचारायला लागा, बाकी सगळे वाद आपोआप मिटतात.

हो, आणि तुम्ही ७८ नाही ११० भरता, ते दिसलं मला. ११० गुणिले पावणेबावीस म्हणजे २.४ टन, ७०० किलो जास्त. क्रेटमागे डिझेल २० रुपयांवर येतं, म्हणून मोह होतो, मलाही व्हायचा, मी फुलांच्या वर अंजिराच्या पेट्या रचायचो. पण मग कमानीचे पाटे, मागचे टायर, ब्रेक लायनर, क्लचप्लेट, आणि तो ४२ हजारांचा गिअरबॉक्स कुठल्या खात्यात लिहिलात? गिअरबॉक्स नुसत्या ओव्हरलोडनेच गेला असं मी इथे बसून म्हणणार नाही, मेकॅनिकने उघडल्यावर काय दाखवलं ते तुम्हाला माहीत. पण वर्षाला ९६ वेळा ७०० किलो जास्त घेऊन पळणाऱ्या गाडीला "हल्ली फार काम काढते" म्हणणं हे जरा अन्यायाचं आहे. दंड पण आता पूर्वीसारखा दोन हजारांचा नाही, मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. एकदा सापडलात की कितीतरी फेऱ्यांचा नफा गेला. आणि अपघात झाला तर विमा कंपनी वजनाची पावती काढून बसते.

ह्यावरून घाटाचं सांगतो, कारण पैशापेक्षा हे महत्त्वाचं आहे. डिझेल वाचवायला घाट न्यूट्रलमध्ये उतरता का? तुम्ही लिहिलं नाहीये पण निम्मे लोक उतरतात, मी उतरायचो. २०१६ च्या तुमच्या गाडीत बहुतेक कॉमन रेल (डिझेल जास्त दाबाने फवारायची पद्धत) असेल, त्यात डिझेलचा हिशोब कॉम्प्युटर ठेवतो. गिअरमध्ये असताना पाय काढला आणि गाडी उताराने इंजिनाला फिरवायला लागली की तो डिझेल बंदच करतो, शून्य. न्यूट्रल केली की इंजिनाला स्वतः चालू राहायला डिझेल लागतंच. म्हणजे न्यूट्रलमध्ये जास्त जळतं, आणि सगळा भार ब्रेकवर. दिवे घाटात एकदा माझ्या लायनरचा असा वास सुटला होता की मागे बसलेला हमाल म्हणाला काहीतरी करपतंय, आणि पुढच्या वळणाला पेडल नुसतं खाली गेलं. हातब्रेक आणि दुसरा गिअर, कशीबशी कडेला लावली. त्या दिवसापासून ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरतो. माळशेजमध्ये पावसाळ्यात धुकं, निसरडा रस्ता, धबधब्यापाशी उभ्या केलेल्या गाड्या आणि सेल्फीवाली पोरं, तिथे २.४ टन माल घेऊन न्यूट्रल... नको दादा.

आता मेहुणे. त्यांचा मान ठेवून बोलतो. डबल केबिनच्या ज्या भारी पिकअप आपल्याकडे मिळतात, इसुझूची व्ही-क्रॉस, टोयोटाची हायलक्स, त्या इंजिन म्हणून सुंदर आहेत. इसुझूचं १.९ लिटरचं इंजिन तुमच्या २.५ लिटरपेक्षा लहान असून दुपटीपेक्षा जास्त ताकद काढतं, १६३ एचपी, कारण टर्बो हवा कोंबतो आणि सगळं बारीक हिशोबाने जळतं. चालवायला मजा आहे, मी एका ओळखीच्याची महाबळेश्वरपर्यंत चालवलीय, परत द्यायची इच्छा नव्हती. पण केबिन दुप्पट झाली की हौदा निम्मा होतो. तुमचे ७८ क्रेट त्यात बसणार नाहीत. आणि ती पांढऱ्या प्लेटवर घेतली तर शेजाऱ्यांचा माल भाड्याने नेता येत नाही, पकडलं तर विम्यासकट सगळं अडकतं. किंमत तुमच्या गाडीच्या अडीच-तीन पट. ती गाडी हौसेची आहे, आणि हौसेला माझा विरोध नाही, माणसाने हौस करावी. फक्त टोमॅटोच्या वहीत तिचा खर्च लिहू नये. फॅमिली बसावी हा मुद्दा खरा असेल, पोरं मोठी होतायत, वहिनींना माहेरी जाताना हौद्याच्या पुढे अवघडून बसावं लागत असेल, तर जुनी पाच सीटर कार त्याच्या दहाव्या हिश्शात येते.

नवीन डिझेल पिकअप घेतली तर? हे पण करून बघू. गाडी १० लाखांची धरली, २ लाख खिशातून, ८ लाख कर्ज, साडेदहा टक्के, पाच वर्षं, हप्ता १७ हजारांच्या थोडा वर. नव्या गाडीने वाशीला १२ च्या जागी १४ दिला तर २४०० किलोमीटरला २९ लिटर वाचलं, २६०० रुपये. २६०० वाचवायला १७ हजारांचा हप्ता, हे कुठल्याच वहीत बसत नाही. शिवाय नवीन डिझेल सगळ्या बीएस-६ (धुराच्या कडक नियमांच्या), एप्रिल २०२० नंतरच्या. त्यात बहुतेकांना सायलेन्सरच्या आधी काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ म्हणतात तिला. त्यात साठलेली काजळी जाळायला ती साडेपाचशे-सहाशे डिग्रीपर्यंत तापावी लागते, त्यासाठी गाडी सलग थोडा वेळ हायवेला पळावी लागते. तुमच्या त्या ९ किलोमीटरच्या चकरा, इंजिन तापतंय न तापतंय तोवर बंद, ह्या असल्या जाळीला विषासारख्या. वाशीची फेरी आठवड्यातून दोनदा होते म्हणून तुमची निभावेल, पण नुसत्या गावात फिरवणाऱ्यांनी (दूधवाले, पिठाच्या गिरणीवाले, शाळेची पोरं नेणारे) जुनी डिझेल विकून नवीन डिझेल घेताना हा विचार आधी करा, डॅशबोर्डवर दिवा लागून गाडी हळू पडते आणि सर्व्हिस सेंटरला मोठं बिल होतं. अशांना सीएनजी किंवा बॅटरीची छोटी गाडीच बरी पडते. पुण्यात पाण्याचे जार टाकणाऱ्या एका वाचकाला मी मागे तेच सांगितलं होतं.

मग तुमचं ११ चं काय करायचं? १४-१५ वरून घसरली त्यात निम्मं वापराचं, ते झालं. उरलेलं गाडीत शोधा, पण ह्या क्रमाने, आणि एका दिवशी सगळं बदलून टाकू नका नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. पहिले टायरची हवा, थंड टायरला, भरलेल्या गाडीचा जो आकडा पुस्तकात आहे तो. मग एअर फिल्टर, आपल्याकडची कच्च्या रस्त्याची धूळ फिल्टर किती लवकर खाते ते उघडून बघा. मग जॅक लावून चारी चाकं हाताने फिरवून बघा, एखादं जड फिरत असेल तर ब्रेक धरतोय, ॲव्हरेज खाणारा हा सगळ्यात गुपचूप चोर आहे, दहा-पंधरा किलोमीटर ब्रेक न मारता येऊन ड्रमजवळ हात नेला (लावू नका, जवळ न्या) तरी ताप कळतो. क्लच घसरतोय का बघा, चढाला इंजिन ओरडतं आणि गाडी तेवढी पळत नाही असं होतं का. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलचं काम सगळ्यात शेवटी, ते महाग असतं आणि मेकॅनिकला ते सगळ्यात आधी आठवतं. धूर बघा. काळा असेल तर हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळसर असेल तर ऑइल जळतंय, आणि गरम झाल्यावरही पांढरा येत असेल आणि पाणी कमी होत असेल तर हेड गॅसकेटकडे बघा. डिझेल लाइनला चुंबक लावा ॲव्हरेज वाढेल, असला डबा विकायला कुणी आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. रॉकेल मिसळायचं तर डोक्यात पण आणू नका, कॉमन रेलचा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो.

ताडपत्रीचं पण एक. रिकामी येताना ती फडफडत ठेवू नका, आणि मुरबाड-कल्याण पट्ट्यात ८० ने पळवायची गरज नाही. वेग वाढतो तसा वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, ६० चे ८० केले की पावणेदोन पट. पिकअपचा आकार म्हणजे कपाट, वारा कापायला तिला जमत नाही.

येताना रिकामे क्रेट आणता, म्हणजे ३०० मधले १५० किलोमीटर तुम्ही हवा वाहून आणता. कल्याणच्या बाजूला भिवंडीची सगळी गोडाऊन पडलीयेत, नारायणगाव-आळेफाट्याचे दुकानदार तिकडूनच माल मागवतात. दोन-तीन दुकानदार धरा, आठातल्या चार फेऱ्यांना जरी परतीचं भाडं लागलं तरी ते तुमच्या महिन्याच्या हायवेच्या डिझेलचा मोठा भाग काढून देईल. मालाचं बिल सोबत असल्याशिवाय भरू नका, आणि क्रेट नीट रचून पुढच्या बाजूला बांधा म्हणजे मागे जागा होते. इथे मात्र भरलेली गाडी माळशेज चढणार, आणि तिथे तुमचं ते जुनं किर्लोस्करसारखं ओढणारं डिझेल कामाला येईल, दुसऱ्या गिअरमध्ये, निवांत.

वडिलांचं राहिलं. ते लक्ष्मी म्हणतात ते मी हसण्यावारी नेणार नाही, २०१६ ला ती गाडी घेताना घरात काय काय गहाण पडलं असेल ते त्यांना आठवत असणार. पण लक्ष्मी पण रस्त्यात बंद पडली तर टोमॅटो सडतो. गाडी बदलायचं खरं कारण ॲव्हरेज नाही, भरवसा आहे. म्हणून त्याच वहीच्या मागच्या पानावर दुरुस्ती लिहा. वर्षात माल घेऊन दोनदा रस्त्यात उभी राहिली, किंवा ऑइल वरचेवर टाकावं लागायला लागलं, किंवा चेसिसला गंज धरून फिटनेसला अडायला लागली (८ वर्षांच्या पुढची म्हणजे तुमची दरवर्षी फिटनेसला जातेच), तर मग बदला, वडिलांना ती वही दाखवा, भांडण होणार नाही. तेव्हा सुद्धा १.७ टनाचीच डिझेल बघा, एकदम नवी नको, तीन-चार वर्षं वापरलेली, एकाच मालकाची, सर्व्हिसची पुस्तकं असलेली, आणि घेण्याआधी भरून एक चक्कर मारल्याशिवाय टोकन देऊ नका. गिअरबॉक्सचं काम गेल्या वर्षीच केलंय, त्याचे ४२ हजार वसूल होईपर्यंत तरी मी असतो तर विकली नसती.

तर सोमवारी टाकी फुल करा आणि वही सुरू करा. महिन्याने आकडे मला परत पाठवा, माझा १२ आणि १० चा अंदाज चुकला असेल तर इथेच छापून कबूल करतो. आणि मोटरसायकलची किल्ली खुंटीवर पिकअपच्या किल्लीच्या पुढे लावा, हे वहिनींना सांगितलं तरी चालेल, त्या करतील.